शाळेची पालक-यादी: कोणाचा नंबर कोणापर्यंत, हे विचारून कसं ठरवायचं

शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोच ती पीडीएफ येते. वर्गातल्या प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, आई-वडिलांची नावं, दोघांचे मोबाइल, सोसायटी, विंग, फ्लॅट नंबर आणि शेवटच्या रकान्यात बसचा स्टॉप. कोणीतरी सगळ्यांच्या सोयीसाठी, चांगल्या मनानेच केलेली असते. मग अ‍ॅबॅकसवाले, हस्ताक्षर सुधारून देणारे, फाउंडेशन क्लासवाले यांचे फोन सुरू होतात आणि समोरचा माणूस थेट मुलाचं नाव आणि इयत्ता घेऊनच बोलायला लागतो. घोडबंदर रोडच्या टॉवरांत काय किंवा नेरुळ-सीवूड्सच्या सेक्टरांत काय, पालकांना हे नवं नाही.

क्लासवाल्यांचे फोन हा त्यातला किरकोळ त्रास. त्याच यादीत एखादी आई असते, जी माहेर-सासर दोन्ही सोडून मुलाला घेऊन ऐरोलीला राहायला आली आहे आणि तिचा पत्ता एका माणसाला कळू नये एवढीच तिची इच्छा असते. तिला कोणी विचारलेलंच नसतं.

हा लेख वर्गप्रतिनिधी, पालक-शिक्षक संघाचे सदस्य आणि शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्यांसाठी आहे. संपर्क यादी करूच नका, असं माझं म्हणणं नाही. मूल आजारी पडलं की गृहपाठ कोणाला विचारायचा, बस ऐरोलीच्या पुलावर अडकली की कोणाला फोन करायचा, यासाठी यादी लागतेच. फक्त ती वजाबाकीने न करता बेरजेने करावी. शाळेच्या रजिस्टरातली सगळी माहिती उचलून ज्यांनी नको म्हटलं त्यांची नावं खोडत बसलं, की एखादं खोडायचं राहतंच. कोऱ्या कागदापासून सुरुवात करून ज्यांनी जेवढं ‘हो’ म्हटलं तेवढंच लिहिलं, तर चूक झाली तरी एखादा नंबर राहून जाईल, बाहेर जाणार नाही.

आधी तीन याद्या वेगळ्या करा

बहुतेक गोंधळ इथेच होतो. पालक ‘माझा नंबर देऊ नका’ म्हणतात आणि ऑफिसातल्या बाई म्हणतात, ‘अहो, मग शाळेला कळणार कसं?’ दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण दोघं वेगवेगळ्या यादीबद्दल बोलत असतात.

पहिली यादी शाळेच्या दप्तराची. जनरल रजिस्टर, प्रवेश अर्ज, सरल आणि यूडायस प्लस या सरकारी पोर्टलांवर भरायची माहिती. ही शाळेला लागतेच आणि ती ऑफिसच्या बाहेर जात नाही.

दुसरी यादी तातडीच्या संपर्काची. ही वर्गशिक्षक, बसमधल्या ताई आणि शाळेत परिचारिका असेल तर तिच्याकडे. मुलाला ताप आला तर पहिला फोन कोणाला, तो लागला नाही तर दुसरा कोणाला. इथे ‘नको’ म्हणायची सोय नसते, पण ही यादी पाहणारी माणसं मोजकी आणि ठरलेली असतात.

तिसरी यादी पालकांनी पालकांसाठी वापरायची. ऐच्छिक आहे ती फक्त ही, आणि या लेखाचा विषयही हीच. फॉर्मच्या पहिल्याच ओळीत हे स्पष्ट लिहा, नाहीतर ‘नको’ म्हटलं तर शाळेचा फोनच येणार नाही या धास्तीने माणसं मनाविरुद्ध ‘हो’वर खूण करतात.

पहिल्या यादीतून तिसरी तयार करायची नाही, एवढं ऑफिसने पाळलं तरी निम्मं काम झालं. वर्गप्रतिनिधीने ‘जरा वर्गाची यादी मेल करा ना’ म्हटलं तर त्याला कोरा फॉर्म द्यावा.

कारण विचारू नका

‘नको’ म्हणणाऱ्याला ‘का बरं?’ असं सहज विचारलं जातं. त्यात वाईट हेतू नसतो, पण उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. ज्याला खरोखर लपवायचं आहे त्याला तेच सांगायला लावल्यासारखं ते होतं. कारणं किती तऱ्हेची असतात ते मात्र ठाऊक असू द्या, म्हणजे ‘एवढं काय त्यात’ हे वाक्य तोंडातून निघणार नाही.

घटस्फोटाचा किंवा ताब्याचा दावा चालू असलेली घरं असतात. पोलिसात, कोर्टात, बँकेच्या वसुली खात्यात काम करणारे पालक असतात. डॉक्टर असतात, ज्यांना वर्गातले निम्मे पालक रात्री साडेदहाला पुरळाचे फोटो पाठवतात. दत्तक मूल असलेलं घर असतं, आपली माहिती कुठे कुठे जाते याबद्दल आधीच सावध असलेलं. एखाद्या आईला मागे कुठल्या तरी ग्रुपवरून नंबर उचलून कोणी छळलेलं असतं.

काही कारणं अगदी साधी असतात. लोकमान्य नगरच्या चाळीत घरात एकच फोन असतो आणि तो दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या बाबांकडे असतो. काही जणांचा नोंदवलेला नंबर शेजारच्या काकूंचा असतो. आई-वडील दोघंही सकाळच्या लोकलने मुंबईला जाणारे असले की नंबर आजोबांचा दिलेला असतो, आणि मग आजोबा बिचारे चाळीस जणांचे ‘सुप्रभात’ पाहत बसतात. नंबर ज्याचा आहे त्याची परवानगी घ्यायची, ही गोष्ट अशा वेळी लक्षात येते. आजोबांचा फोन तातडीच्या यादीत असायलाच हवा. पालक-यादीत तो का जावा?

फॉर्म असा करा

‘तुमची माहिती यादीत द्यायला हरकत आहे का?’ एवढा एकच प्रश्न विचारला तर उत्तरही ढोबळ मिळतं. माणसाला नंबर द्यायचा असतो, पण पत्ता नको असतो. वर्गातल्या पालकांना द्यायचा असतो, अख्ख्या शाळेला नको असतो. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी विचारा आणि ती कोणापर्यंत जाणार हेही वेगळं विचारा. नमुना देते, हवा तसा बदलून घ्या:

‘हा फॉर्म फक्त पालकांच्या आपसातल्या संपर्क यादीसाठी आहे. शाळेच्या दप्तरातली आणि तातडीच्या संपर्काची माहिती याच्याशी संबंधित नाही. ती आहे तशीच राहील. यादीत नाव नसलं तरी शाळेची प्रत्येक सूचना तुम्हाला मिळेल. फॉर्म परत आला नाही तर तुमची कोणतीही माहिती यादीत घेतली जाणार नाही. उत्तर कधीही बदलता येईल. त्यासाठी कारण द्यावं लागणार नाही.

यादीत काय लिहायचं (प्रत्येकापुढे हो / नको): मुलाचं नाव. माझं नाव. माझा मोबाइल. ईमेल. राहण्याचा परिसर (फक्त नोड किंवा भाग, उदा. कोपरखैरणे, मानपाडा).

यादी कोणी पाहावी (एकच निवडा): फक्त या वर्गाचे पालक. या इयत्तेच्या सर्व तुकड्यांचे पालक. कोणीही नाही, माझ्यासाठीचा निरोप वर्गप्रतिनिधीकडे द्यावा, मला वाटलं तर मी स्वतः फोन करेन.’

त्या शेवटच्या पर्यायाकडे जरा थांबून पाहा. ‘नको’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना संपर्क नको असं नसतं, आपला नंबर दुसऱ्याच्या हातात नको असतो. निरोप पोहोचवण्याची ही वाट ठेवली की त्यांचं मूल वाढदिवसाच्या आमंत्रणातून किंवा प्रोजेक्टच्या गटातून वगळलं जात नाही. वर्गप्रतिनिधीला महिन्यातून दोन-चार निरोप इकडचे तिकडे करावे लागतात, तेवढं करावं.

फ्लॅट नंबर आणि बसस्टॉप फॉर्ममध्ये मी मुद्दामच घेतलेला नाही. मूल सकाळी सव्वासहाला कुठल्या कोपऱ्यावर उभं असतं ही माहिती वर्गातल्या बाकीच्यांना कशालाच लागत नाही. ज्यांना एकमेकांच्या घरी जायचं आहे ते पत्ता विचारून घेतात.

दोन्ही पालकांना वेगवेगळा फॉर्म द्या. एकाच कागदावर दोघांच्या वतीने एकाने सही केली की दुसऱ्याचा नंबर न विचारताच जातो. गूगल फॉर्म करत असाल तर कुठलाही चौकोन आधीच भरून ठेवू नका, आणि सेटिंगमध्ये उत्तरांचा सारांश इतरांना दिसण्याची सोय बंद आहे ना तेवढं बघा; ती चालू राहिली तर फॉर्म भरणारा प्रत्येक जण बाकीच्यांची उत्तरं पाहू शकतो. कागदी फॉर्मही ठेवाच, डायरीत घालून पाठवा आणि बंद पाकिटात परत मागवा. डायरी मुलांच्या हातात असते आणि मुलं सगळं वाचतात.

भाषेचंही बघा. नवी मुंबईच्या एका वर्गात मराठी, मल्याळी, तमिळ, गुजराती, उत्तर भारतीय अशी सगळी घरं सापडतात. मराठी, हिंदी, इंग्रजी तर हवंच. आणखी एखाद्या भाषेसाठी वर्गातलेच कोणी पालक दहा मिनिटांत मदत करतात.

मुदत आठ-दहा दिवसांची द्या. एकदा आठवण करा, तीही सगळ्यांना मिळून. ‘अमक्याच्या आईचा फॉर्म यायचाय’ असं ग्रुपवर लिहिणं म्हणजे तिच्यावर दबाव आणणंच.

आई ‘हो’ म्हणाली, बाबा ‘नको’ म्हणाले

ज्याचा नंबर त्याचं उत्तर, इथपर्यंत सोपं आहे. मुलाच्या नावाबाबत दोघांची उत्तरं वेगळी आली तर माझ्या मते ‘नको’ धरावं. नाव न छापल्याने होणारी गैरसोय भरून काढता येते.

वेगळं राहणाऱ्या पालकांच्या बाबतीत वर्गप्रतिनिधीने मधे पडूच नये. एकाने येऊन सांगितलं की ‘दुसऱ्याला माझा नंबर देऊ नका’, तर तेवढं मान्य करायचं. पण ‘तिला’ किंवा ‘त्याला’ ग्रुपमधूनच काढा, मुलाची माहितीच देऊ नका, अशी मागणी आली तर ती मुख्याध्यापकांकडे पाठवायची. मुलाच्या ताब्याबद्दल किंवा भेटीबद्दल कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे जाते आणि शाळा त्याप्रमाणे वागते. आदेशात काय आहे हे वर्गप्रतिनिधीला कळायची गरज नाही. त्याला फक्त एवढंच कळावं: या घराचं काहीही यादीत नाही.

शाळेच्या गेटवर किंवा फोनवर ‘मी अमक्याचा मामा, नवीन पत्ता काय हो त्यांचा?’ असं विचारणाऱ्यालाही हेच लागू. ऑफिसने ‘तुमचा नंबर द्या, आम्ही निरोप कळवतो’ एवढंच उत्तर द्यावं, मग समोरचा कितीही गोड बोलो.

यादी भरताना

नवी, कोरी शीट उघडा. हाताशी फक्त आलेले फॉर्म. एकाने फॉर्म वाचायचा, दुसऱ्याने टाइप करायचं, आणि शेवटी अदलाबदल करून पुन्हा एकदा ताडून बघायचं. तीस-चाळीस मुलांच्या वर्गाला एक दुपार पुरते.

एक्सेलमध्ये रकाना लपवला म्हणजे माहिती गेली असं समजू नका. फाइल ज्याच्या हातात पडेल तो दोन क्लिकमध्ये लपवलेला रकाना उघडतो. ‘फक्त नावं दिसतील अशी यादी’ म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये फ्लॅट नंबर आणि आधार क्रमांकसुद्धा शांतपणे बसलेले असू शकतात. यादीत नको ते शीटमध्येच नको.

ज्यांनी काहीच दिलं नाही त्यांची ओळ ठेवून पुढे ‘माहिती देण्यास नकार’ असं लिहू नका. चाळीस ओळींत तेवढीच एक रिकामी ओळ दिसली की कुजबुज सुरू होते. त्यांची ओळच घेऊ नका आणि यादीच्या तळाशी सगळ्यांसाठी मिळून एक वाक्य टाका: ‘यादीत नसलेल्या कोणत्याही पालकांसाठी निरोप असेल तर वर्गप्रतिनिधीकडे द्यावा.’ मुलाचं नाव चालेल पण नंबर नको, असं म्हणणाऱ्यांच्या ओळीतही हेच: ‘वर्गप्रतिनिधीमार्फत’.

वरती मथळ्यात वर्ग, तुकडी, शैक्षणिक वर्ष, आवृत्ती क्रमांक आणि दोन ओळी: ही यादी कोणासाठी आणि कशासाठी. ‘फक्त इयत्ता ४ थी ब च्या पालकांच्या आपसातल्या संपर्कासाठी. क्लास, विमा, विक्री, राजकीय प्रचार किंवा देणगीसाठी वापरू नये. पुढे पाठवू नये. वर्षअखेरीस काढून टाकावी.’ या ओळींनी कोणाचे हात बांधले जात नाहीत हे खरं, पण उद्या कोणी त्या यादीवरून आपल्या क्लासचं पत्रक पाठवलं तर त्याला बोलायला आधार राहतो. पालिकेच्या निवडणुका आल्या की यातल्या ‘प्रचार’ या शब्दाची किंमत कळते.

वाटताना गूगल शीटची ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही सोय टाळा. नेमक्या ईमेल पत्त्यांना, फक्त वाचण्यापुरती, डाउनलोड आणि कॉपी बंद करून द्या. तरीही स्क्रीनशॉट काढणारा काढतोच. एकदा बाहेर गेलेली यादी परत येत नाही असं धरूनच तिच्यात काय लिहायचं ते ठरवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हीसुद्धा यादीच

कागदावरची यादी कितीही जपून केली आणि दुसऱ्या दिवशी कोणी उत्साहाने सगळ्यांना ‘४ बी पेरेंट्स’मध्ये ओढलं, की सगळं मुसळ केरात. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याला बाकी प्रत्येकाचा नंबर दिसतो. फॉर्मवर ‘नको’ लिहिलेल्या आईचा नंबर, जमल्यास प्रोफाइल फोटोसकट, सगळ्यांसमोर येतो.

म्हणून ग्रुपमध्ये कोणालाही परस्पर घालू नका, निमंत्रणाची लिंक पाठवा. लिंकसोबत स्पष्ट लिहा:

‘हा पालकांचा गप्पांचा ग्रुप आहे. इथे आलात तर तुमचा नंबर बाकी सदस्यांना दिसेल. येणं ऐच्छिक आहे. शाळेच्या सूचना इथे नसतील, त्या शाळेच्या अ‍ॅपवर किंवा एसएमएसने येतील.’

शेवटचं वाक्य खरं ठरवायचं काम शाळेचं. ‘उद्या पावसामुळे सुट्टी’ ही सूचना फक्त ग्रुपवर येत असेल तर ग्रुप ऐच्छिक राहतच नाही. मुसळधार पावसात मध्य रेल्वे बंद पडलेली असताना कोणीही नंबर लपवण्यापेक्षा ग्रुपमध्ये राहणंच पसंत करेल.

एकतर्फी सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅपमध्येच बरी सोय आहे. कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्ये अ‍ॅडमिनच लिहितात आणि साध्या सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. अ‍ॅडमिनला मात्र दिसतात. चॅनेलवरही फॉलोअर एकमेकांचे नंबर पाहू शकत नाहीत. ब्रॉडकास्ट यादी आणखी जुनी: एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. एका वर्गासाठी ती पुरेशी आहे, फक्त वर्षाच्या सुरुवातीला ‘माझा नंबर सेव्ह करा’ असं सगळ्यांना सांगावं लागतं.

ग्रुप असेलच तर नवीन सदस्याला अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय येता येणार नाही अशी सेटिंग ठेवा, आणि मंजुरी देताना ‘कोणाचे पालक?’ हे विचारा. अनोळखी नंबर महिनोन्‌महिने गप्प बसून वाचत असतात. पालकांनी स्वतःच्या फोनवर ‘मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं’ याचं उत्तर ‘माझे संपर्क’ असं करून घ्यावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बस, सहल, स्नेहसंमेलन

खरी गळती पुष्कळदा अशा जागी असते जिला कोणी यादी म्हणतच नाही. स्कूलबसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर लॅमिनेट केलेला एक कागद चिकटवलेला असतो. स्टॉपप्रमाणे मुलांची पूर्ण नावं, इमारत, आईचा मोबाइल. अक्षरं ठळक, कारण पहाटेच्या अंधारात ताईंना वाचता यायला हवीत. तीन हात नाक्याच्या सिग्नलला बस थांबली की शेजारच्या गाडीतल्या माणसालाही ती तितकीच स्वच्छ वाचता येतात. कुठलं मूल, कुठल्या वेळी, कुठे उतरतं, घरी फोन कोणता: सगळं एका कागदावर.

उपाय साधा आहे. काचेवरच्या कागदावर स्टॉप, मुलाचं फक्त पहिलं नाव आणि क्रमांक. त्याच क्रमांकापुढे फोन नंबर असलेली छोटी वही ताईंच्या पिशवीत, आणि ती संध्याकाळी शाळेत जमा. महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ चे नियम आहेत आणि त्यांनुसार शाळेत परिवहन समिती असते; पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. हा विषय तिथेच मांडावा, बसकाकांशी वाद घालून उपयोग नाही. त्यांना जो कागद दिला तो त्यांनी चिकटवला.

सहलीला रिसॉर्टवाला मुलांची यादी मागतो, त्याला मुलांची संख्या आणि सोबतच्या शिक्षकांचे नंबर पुरतात. स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेत मुलांचे पत्ते छापायची जुनी पद्धत कुठे उरली असेल तर आता बंद करावी. निकालानंतरचे फ्लेक्स हाही एक किस्साच आहे. दहावीच्या टक्क्यांसकट फोटो चौकात लागतो, आणि तो लावणाऱ्याने घरी विचारलेलं असतंच असं नाही.

उत्तर बदललं तर

दिवाळीनंतर कोणी म्हणालं, ‘माझा नंबर काढा’, तर काढायचा. त्यासाठी अर्ज, सही, मुख्याध्यापकांची भेट असलं काही लावू नका. ‘हो’ म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढ्याच वेळात ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. दोन-तीन दिवसांत नवी आवृत्ती काढा आणि सगळ्यांना एवढंच कळवा: ‘यादीची आवृत्ती ३ आली आहे. आधीची काढून टाका.’ कोणाचं नाव गेलं, कशामुळे गेलं, यातलं काही नाही. शक्य असेल तर एक-दोन किरकोळ दुरुस्त्या जमवून एकदमच आवृत्ती काढावी, म्हणजे दोन याद्या शेजारी ठेवून पाहणाऱ्याला अंदाज बांधता येत नाही. पण ज्या घराला धोका आहे तिथे दुरुस्त्या जमायची वाट पाहू नका, त्याच दिवशी करा.

यादी फुटली तर

आधी ज्यांची माहिती बाहेर गेली त्यांना सांगा, मग बाकीच्या चर्चा. ज्या घरांबद्दल विशेष काळजी घ्यायला सांगितली होती त्यांना मेसेज न करता फोन करा. मेसेज दुसरं कोणी वाचू शकतं.

ग्रुपवर चुकून टाकलेली फाइल ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करता येते, पण साधारण अडीच दिवसांच्या आत. ग्रुपचा अ‍ॅडमिन दुसऱ्याने टाकलेला मेसेजही काढू शकतो. ज्यांनी तोवर ती उतरवून घेतली असेल त्यांच्याकडे ती राहणारच, म्हणून काढून टाकण्याची विनंती वेगळी करावी लागते.

विक्रीचे फोन सुरू झाले तर १९०९ वर तक्रार नोंदवता येते. कोणी शाळेचं नाव घेऊन फी भरायची लिंक पाठवली आणि पैसे गेले, तर लगेच १९३०. कोणी धमकावत असेल, पाठलाग करत असेल तर ११२. मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर १०९८. मुख्याध्यापकांना लेखी कळवा: काय गेलं, कधी गेलं, कोणापर्यंत गेलं.

कायदा कुठे उभा आहे

थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती, समजून-उमजून दिलेली हवी. ती मागे घेणंही तेवढंच सोपं हवं. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते याची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्येही मिळण्याची सोय हवी. अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

शिक्षण आणि सुरक्षेच्या कामांसाठी शाळांना नियमांत काही सवलती आहेत. पालकांमध्ये वाटायची यादी त्या सवलतीत बसेल असं मी तरी धरून चालणार नाही. एखाद्या आईने स्वतःच्या फोनात चार मैत्रिणींचे नंबर ठेवले तर तिला हा कायदा लागत नाही, कारण निव्वळ वैयक्तिक आणि घरगुती वापर त्यातून वगळला आहे. पालक-शिक्षक संघ मधे कुठेतरी येतो. त्याने शाळेसारखंच वागावं हे बरं. अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या सरकारी ओळख क्रमांकासाठी, शाळा पालकांचं संमतिपत्र घेतच असतात, त्यामुळे ‘विचारून घ्या’ ही कल्पना कोणाला परकी वाटू नये.

अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्यानुसार शाळेने ‘यादीतली माहिती’ कुठली ते आधी जाहीर करायचं आणि पालकांना नको म्हणायला पुरेसा अवधी द्यायचा अशी रीत आहे. म्हणजे गप्प बसलं तर ‘हो’. आपल्याकडे निम्मी परिपत्रकं दप्तराच्या तळाशी डब्याच्या तेलात सापडतात. इथे गप्प बसण्याचा अर्थ ‘नको’ असाच घेतला पाहिजे.

‘पूर्वी नाही का एमटीएनएलची जाडजूड डिरेक्टरी घरोघरी असायची, नाव-पत्ता-नंबर सगळं छापलेलं, तेव्हा कोणाचं काय बिघडलं?’ असं एखादे काका सभेत हमखास विचारतात. त्यांना शांतपणे सांगावं की त्या डिरेक्टरीत तुमच्या नातीचं नाव, तिची शाळा, तुकडी आणि बसची वेळ नव्हती.

वर्ष संपताना

परीक्षा संपली की सगळ्यांना एक मेसेज: यादी काढून टाका, छापलेली असेल तर फाडा. गूगल शीटची परवानगी बंद करा, फॉर्मची उत्तरं काढून टाका, कागदी फॉर्म ऑफिसच्या श्रेडरमध्ये किंवा हाताने बारीक फाडून. रद्दीवाल्याला नको, त्यातल्या कागदात उद्या कोणी वडापाव बांधून देईल. ग्रुप पुढच्या इयत्तेत तसाच ओढत नेऊ नका. तुकड्या बदलतात, काही मुलं शाळा सोडून जातात आणि त्यांच्या पालकांना नंतर दोन वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या कार्यक्रमांचे मेसेज येत राहतात. नवा ग्रुप, नवी लिंक.

पुढच्या वर्गप्रतिनिधीच्या हाती सोपवायच्या गोष्टी तीनच: कोरा फॉर्म, मेसेजचे मसुदे आणि कामाचा क्रम लिहिलेला कागद. भरलेले फॉर्म आणि जुनी यादी त्यांनी मागितली, ‘नव्याने कशाला विचारायचं, माणसं तीच तर आहेत’ असं म्हणाले, तरी देऊ नका. गेल्या जूनमध्ये ‘हो’ म्हणालेल्या घरात या जूनपर्यंत काय काय बदललं असेल ते आपल्याला ठाऊक नसतं.